पान एकशे बारा, उजवा रकाना

६ जानेवारी

चि. पंतोजीस,

पुढे अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. आज एकही लिहीत नाही. आई बरी आहे. मी धडधाकट आहे, एक कान सोडून. ते तर तू सगळ्या जगाला कळवलंच आहेस.

तुझ्या शब्दकोशाचं पान एकशे बारा काढ. उजवा रकाना, वरून चौथा शब्द. ड्रॉबॅक. अर्थ दिलाय: उणीव, तोटा, अडचणीची बाजू. खाली तिरक्या अक्षरांत इंग्रजी वाक्य. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी मला त्याचं मराठी करून सांगितलं. 'माझी बहीण कामाला फार चांगली आहे. तिचा एकच ड्रॉबॅक म्हणजे तिला एका कानाने ऐकू येत नाही.'

तुला बहिणी किती रे? मोजून सांग.

चूक माझीच. पुस्तक छापून आलं तेव्हा मी दोन प्रती विकत घेतल्या. एक घरात ठेवली. दुसरीला खाकी कव्हर घातलं आणि कारखान्याच्या ऑफिसला भेट दिली. 'माझ्या भावाने लिहिलाय' म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले. प्रेसवर डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकणारी बाई, आणि भाऊ शब्दकोश लिहितो! माझे पाय जमिनीवर नव्हते.

आमच्या प्रेसच्या हॉलचे सुपरवायझर फेब्रुवारीअखेर निवृत्त होतायत. त्यांच्या जागी मीच, हे जवळजवळ ठरलं होतं. वरच्या ऑफिसला पाठवायचा इंग्रजी फॉर्म भरायला टायपिस्ट बाईंकडे आला. एका रकान्यात माझे गुण लिहायचे, दुसऱ्यात ड्रॉबॅक. हा शब्द बाईंना नीट माहीत नव्हता. त्यांनी मी दिलेलाच शब्दकोश उघडला.

दुपारच्या सुट्टीत बाई माझ्याकडे आल्या. डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात माझं नाव घेतलं. मी डबा उघडत होते, उघडतच राहिले. मग त्या पुढे आल्या, डोळ्यांत पाणी होतं. सव्वीस वर्षं, पंतोजी. सव्वीस वर्षं मी त्या कारखान्यात कुणाला माझ्या डाव्या बाजूला उभं राहू दिलेलं नाही. जेवायला भिंतीला डावा खांदा लावून बसते, साहेबांपुढे तिरकी उभी राहते. लोक मला तोऱ्याची म्हणतात, म्हणू दिलं. एकालाही कळलं नव्हतं.

बाई खोटं लिहिणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी फॉर्ममध्ये खरं ते लिहिलं. आता साहेब म्हणतात, सुपरवायझरला धोक्याची घंटा ऐकू आली पाहिजे. माझं नाव अडकून पडलंय. दहा फेब्रुवारीला मला बोलावलंय.

तुझी दुसरी आवृत्ती मार्चमध्ये निघणार म्हणालास. ते वाक्य काढ.

— तुझी एकुलती एक बहीण


१२ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण रागाच्या भरात तू शब्दाचा अर्थच लक्षात घेतलेला नाहीस, म्हणून आधी तो सांगतो.

डिसॲडव्हान्टेज म्हणजे नुसता तोटा. तो कशालाही असू शकतो. ड्रॉबॅकचं तसं नाही. बाकी सगळं चांगलं आहे आणि एकच गोष्ट आड येते, तिथे हा शब्द चपखल बसतो. समज, छत्री फाटकी आहे. इथे ड्रॉबॅक म्हणायची सोयच नाही, ती छत्रीच टाकाऊ. पण छत्री उत्तम आहे, फक्त मिटताना बोट चिमटतं, तर तो तिचा ड्रॉबॅक. म्हणजे हा शब्द वापरणाऱ्याने आधी ती वस्तू चांगली असल्याचं मान्यच केलेलं असतं. मी तुझा विचार केला तो यासाठी. मराठीत नीट वाचलंस तर ते तुझं कौतुक आहे.

वाक्यं उसनी घ्यायची नाहीत हा माझा नियम तुला माहीत आहे. नऊ हजार शब्दांना नऊ हजार वाक्यं, सगळी आपल्या घरातली आणि गल्लीतली. वर्तमानपत्रात परीक्षण आलं त्यात हेच नावाजलंय. शिवाय पानं जुळून तयार आहेत. एक ओळ हलली की पुढचा सगळा रकाना सरकतो, आणि प्रकाशक आधीच कटकट करतात. 'माझी बहीण' म्हणजे तूच, असं तरी कुठे लिहिलंय?

आणि ताई, कान लपवायचा कशाला? आजाराने गेला, त्यात तुझा काय दोष? आईने ते थेंब आठवडाभर चुकवले नसते तर कदाचित वाचलाही असता. पण तिलाही आपण कधी बोललो नाही. झालं ते झालं.

आईला नमस्कार.

— तुझा पंतोजी


१६ जानेवारी

पंतोजी,

मी छत्री. बरं झालं सांगितलंस. चव्वेचाळीस वर्षं मला वाटत होतं मी माणूस आहे.

तुझ्या कौतुकाने माझ्या हातातली जागा चालली आहे, हे तुझ्या डोक्यात शिरतंय का? त्या जागेवर बसलं की प्रेसपासून वीस पावलं लांब काचेची खोली मिळते. उरलेला उजवा कान मला म्हातारपणापर्यंत पुरवायचा आहे, पंतोजी. तो आता गर्दीत दगा द्यायला लागलाय. हे मी तुला पहिल्यांदाच सांगतेय. उद्या शब्दकोशात घालू नकोस.

आणि आजाराने गेला म्हणे! मला कुठला आजार होता? बाबा गेले, मी नववीत शाळा सोडली आणि सोळाव्या वर्षी सात नंबरच्या प्रेसवर उभी राहिले. पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा, झाकण खाली पडतं. मिनिटाला चाळीस वेळा, डाव्या कानापासून हातभर अंतरावर. घरात दोघांपैकी एकालाच शिकवता येणार होतं. तू हुशार होतास, मी मोठी होते. मी कधी तोंडातून ब्र काढला? तुझ्या वाक्यात माझा कान आहे. तो कुणाच्या शाळेपायी गेला ते नाही.

काल मी घरातली प्रत घेऊन टायपिस्ट बाईंकडे गेले. म्हटलं, बघू तरी आणखी कोण कोण आहे यात. आई सापडली 'हट्टी' या अर्थाच्या शब्दाखाली. बाबा सापडले 'कर्ज'खाली. मग मी विचारलं, त्यागाला इंग्रजीत काय म्हणतात? बाईंनी सॅक्रिफाइस काढला. तुझं वाक्य असं आहे: 'अभ्यासासाठी त्याने झोपेचा त्याग केला.'

बाईंनी पुस्तक मिटलं आणि मला चहा पाजला.

आईच्या थेंबांचं नाव पुन्हा काढू नकोस. ती मावशीकडे गेली होती, बाटली कपाटात राहिली, आठ दिवस थेंब पडले नाहीत. बस, एवढंच. तेव्हापासून मी कधीही 'काय म्हणालीस?' असं विचारलं की तिचा चेहरा पडतो. त्यामुळे घरातसुद्धा मी विचारत नाही. अर्धं बोलणं अंदाजाने चालतं.

आता एक कर. आमच्या साहेबांना तुझ्या झोकदार इंग्रजीत पत्र लिही. लिही की ते वाक्य म्हणजे दाखला नव्हे, आणि या कानामुळे सव्वीस वर्षांत कुणाच्या बोटालाही इजा झालेली नाही. प्रेस बिघडायच्या आधी जमीन वेगळी थरथरते, ते मला तळपायाला कळतं. गेल्या वर्षी तीन नंबरचा पट्टा तुटायच्या आधी मशीन बंद केलं ते मी, दोन्ही कानांच्या मुकादमाने नव्हे. हेही लिही.

— ताई


२३ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तुझी भाषा मनाला लागली. पण मोठी आहेस, ऐकून घेतलं.

साहेबांसाठी पत्र सोबत आहे. शाळेच्या छापील कागदावर लिहिलंय आणि खाली माझी पदवी टाकली आहे, त्याचं वजन पडतं. तीन वेळा खरडून चौथ्यांदा पक्कं केलं. तुझ्या तळपायाचं लिहिलेलं नाही, इंग्रजीत ते विचित्र दिसतं.

त्यागाचं वाक्य दुसऱ्या आवृत्तीत बदलेन. ड्रॉबॅकचंही बघतो.

— पंतोजी


२९ जानेवारी

पंतोजी,

तुझं पत्र साहेबांना दिलं नाही. टायपिस्ट बाईंकडून आधी वाचून घेतलं. दुसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंस, 'तिच्यात हा ड्रॉबॅक असूनही'. पुन्हा तोच शब्द, या वेळी सही आणि पदवीसकट. बाई वाचताना अडखळल्या आणि तो शब्द गाळायला बघत होत्या. मी म्हटलं, गाळू नका, सगळं वाचा.

ते फाडून टाकलं. पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये.

साहेबांनी निरोप पाठवला होता की कान कधी गेला, कशाने गेला, त्याचा कागद असेल तर आणा. माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी तो कागद होता. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने दिलेला, तोच. घडीवर पिवळा पडलाय. तो डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, भरभर बोलायचा. त्या दिवशी माझ्या कानात असं घूं घूं होत होतं की तो काय सांगतोय ते मला कळलंच नाही. मी नुसती मान हलवली. त्याने बाटली दिली, कागद दिला, मी दोन्ही घेऊन घरी आले. त्याचं किरटं इंग्रजी वाचू शकणारा घरात एकच माणूस होता.

तू खिडकीपाशी उभा होतास. आई पीठ मळत होती. तू कागद उजेडात धरलास आणि वाचलास: 'रोज दोन थेंब, महिनाभर. काळजीचं कारण नाही.' मग घडी घालून माझ्या हातात दिलास. म्हणालास, नीट ठेव.

बाईंनी तो काल वाचला. वर लिहिलंय, व्यवस्थापक यांस. तो कागद माझा नव्हताच, पंतोजी. ती ऑफिसात द्यायची चिठ्ठी होती. पुढे लिहिलंय: 'या मुलीला आजपासून प्रेसवर उभं करू नये, पॅकिंगमध्ये हलवावं. डाव्या कानाचं ऐकणं अजून वाचू शकेल. आणखी काही महिने आवाजात राहिली तर वाचणार नाही. थेंब दिले आहेत ते फक्त ठणका कमी होण्यासाठी.'

मी बाईंना तीनदा वाचायला लावलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाहीये.

तू सोळा वर्षांचा होतास. इंग्रजीत शाळेत पहिला होतास. डॉक्टरचं अक्षर लागलं नसेल, असं सांग. घाईत वरवर वाचलं असेल, असं सांग. काय ते सांग, पण लगेच सांग. मला दहा तारखेला साहेबांपुढे उभं राहायचं आहे.


५ फेब्रुवारी

ती. ताईस,

पत्र मिळालं. इथे परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही. इतक्या जुन्या गोष्टी पत्रातून बोलण्यासारख्या नसतात. सवडीने सविस्तर लिहीन. दहा तारखेसाठी शुभेच्छा. मनाला लावून घेऊ नकोस.

— पंतोजी


८ फेब्रुवारी

तुझ्या शुभेच्छा परत पाठवत आहे.

मी एकच प्रश्न विचारला होता. उत्तर एका ओळीत बसतं. तुला तो कागद वाचता आला होता की नव्हता?


२१ फेब्रुवारी

ताई,

वाचता आला होता. सगळा.

'पॅकिंग' हा शब्द वाचला आणि तिथेच थांबलो. पॅकिंगमध्ये पगार निम्मा होता हे मला माहीत होतं, कारण तूच एकदा जेवताना हसत सांगितलं होतंस. माझी शेवटची परीक्षा चार महिन्यांवर होती. शिकवणी सुटली असती, कदाचित शाळाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तूही बघत होतीस. मी थेंबांचं वाक्य वाचलं आणि बाकीचं गिळलं. 'काळजीचं कारण नाही' हे त्यात नव्हतंच, ते मी घातलं.

चारच महिने, असं मी मनाशी धरलं होतं. परीक्षा झाली की सांगेन. परीक्षा झाली, निकाल लागला, तू गल्लीत पेढे वाटलेस. तेव्हा तू मान वळवून उजवा कान पुढे करायला लागली होतीस. मग सांगून काय होणार होतं? आई थेंबांबद्दल स्वतःला बोल लावायला लागली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते आहे. गेल्या महिन्यात मी तिच्यावरच पुन्हा ढकललं, तुला पत्र लिहून, बिनदिक्कत.

मी आयुष्यात केलेलं पहिलं भाषांतर ते. त्यानंतर वीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, अर्थ नीट लावा म्हणून त्यांना पट्ट्या मारल्या.

ड्रॉबॅकचं वाक्य काढलंय. प्रकाशक ओरडले, ओरडू देत. त्या जागी दुसरं वाक्य द्यायचंय. आठवडाभर बसतोय. जे सुचतं त्यात मीच येतो.

दहा तारखेला काय झालं ते विचारायचा मला अधिकार नाही. माफी मागायचं धाडस होत नाही.


२७ फेब्रुवारी

पंतोजी,

नाहीच मागितलीस ते बरं. मी दिली नसती.

दहा तारखेला काय झालं ते सांगते, कारण तुला कळायलाच हवं. साहेबांनी घंटेचा विषय काढला. मी म्हटलं, चला हॉलमध्ये आणि वाजवायला सांगा. सगळे प्रेस चालू होते. शिपायाने घंटा वाजवली, चांगली दोन मिनिटं. बारा बायकांतल्या एकीनेही मान वर केली नाही. त्या सगळ्यांना दोन-दोन कान आहेत, अजून तरी. मग त्यांच्या केबिनमध्ये परत गेल्यावर मी डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, ही तुमच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला लिहिली आहे, पोचायला जरा उशीर झाला. त्यांनी वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. कान कसा गेला याची पुढे कुणी चौकशी केली नाही.

जागा मला मिळाली. एक तारखेपासून काचेच्या खोलीत बसेन. घंटेच्या जागी लाल दिवा बसतोय, आणि प्रेसवरच्या पोरींना कानात घालायला बोळे येणार आहेत. सात नंबरवर सध्या अठरा वर्षांची एक आहे. तिला मी पहिल्या दिवशीच हलवणार, आणि तिच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार. चिठ्ठी देणार नाही.

माझा राग कमी झालाय असं समजू नकोस. परवा झाकणाचा पत्रा कापताना माझा हात थांबला, मला तुझं तोंड आठवलं, खिडकीपाशी कागद धरलेलं. मी तुझ्यासाठी कान दिला असता रे. तू सरळ विचारलं असतंस, 'ताई, चार महिने कळ काढशील का, कान जाईल', तर मी हो म्हणाले असते, इतकी मी वेडी होते. तू विचारलंच नाहीस. तू माझं देणंसुद्धा चोरून घेतलंस.

ड्रॉबॅकच्या वाक्याचं तू बघ. काढ, ठेव, स्वतःला घाल, मला आता त्याचं काही नाही. मला दुसरं हवंय.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते मी करणार नाही, आणि पत्राने तूही करायचं नाही. काल मी सवयीने 'काय?' म्हणाले, तर ती ओट्यापाशीच थबकली आणि पुटपुटली, 'आठच दिवस गं, आठच दिवस राहिले थेंब.' बहात्तर वर्षांची झाली आहे ती.

साहेबांकडून चिठ्ठी परत मागून आणली आहे. रविवारी पहिल्या गाडीने ये. आई पीठ मळत असेल. तू खिडकीपाशी उभं राहायचं नाहीस, तिच्यासमोर बसायचं. मी चिठ्ठी तुझ्या हातात देईन आणि तू ती वाचायची, मराठीत, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

आणि माझ्या उजव्या बाजूला बस. मलाही ऐकायचं आहे.

— ताई